हगवण कितव्या दिवशी लागली, ते आधी सांगा

मोहोळ तालुक्यातल्या एका तरुण वराहपालकाचा प्रश्न थोडक्यात असा: १४ माद्या आहेत, लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या संकरित. पिल्लांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी, पाण्यासारखी हगवण लागते आणि काही वेतांत निम्मी पिल्लं जातात. वाचलेल्या पिल्लांचं २८व्या दिवशी दूध तोडलं की आठवड्याच्या आत पुन्हा तेच. मादीला विण्याच्या पाच दिवस आधी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवरची लस दिली, पिल्लांना इम्युनिटी वाढवणारी पावडर चाटवली, तीन वेगवेगळी अँटिबायोटिक करून झाली. 'लस देऊनही प्रतिकारशक्ती का येत नाही, आणि आता कोणतं इंजेक्शन देऊ?' आणि जाता जाता एक ओळ: यातल्या पाच माद्या गाभण असतानाच बाहेरून विकत आणल्या, विण्याच्या दोन आठवडे आधी. सगळ्यात जास्त मरतूक त्यांच्याच पिल्लांत आहे.

मला विचाराल तर अर्धं उत्तर त्या शेवटच्या ओळीतच आहे. पण क्रमाने जाऊ.

मी सोलापुरात २२ वर्षं जनावरांची प्रॅक्टिस करतो. गाई-म्हशी आणि शेळ्या जास्त, डुकरांची शेडं मोजकीच. त्यामुळे डुकरांबद्दल जे शिकलो ते बरंचसं चुकत शिकलो. त्यातली एक चूक खाली सांगतोच.

तुम्ही दोन आजारांना एक समजून चालला आहात. तिसऱ्या दिवसाची हगवण आणि दूध तोडल्यानंतरची हगवण दिसायला सारखी, जंतूही कदाचित एकाच घराण्यातला. पण पहिल्या वेळी कमी पडते ती आईकडून मिळालेली उसनी प्रतिकारशक्ती. दुसऱ्या वेळी उसनं संपलेलं असतं आणि स्वतःची कमाई अजून सुरू झालेली नसते. दोन्हींवरचा उपाय वेगळा, वेळही वेगळी. म्हणून शेडमध्ये शिरल्यावर मी आधी 'औषध काय दिलं' विचारत नाही, 'कितव्या दिवशी लागली' हे विचारतो.

विष्ठा न तपासता आणि मेलेलं पिल्लू न उघडता मी इथून ठाम निदान करू शकत नाही. वयावरून अंदाज मात्र बांधता येतो. पहिल्या चार-पाच दिवसांत पाण्यासारखी हगवण, ताप नाही, पिल्लू काही तासांत सुकून डोळे खोल जातात, तर बहुधा ई. कोलाय. पहिल्या तीन दिवसांत रक्तमिश्रित संडास आणि धडाधड मरतूक असेल तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स टाइप सी हा जिवाणू मनात आणायचा. सात ते चौदा दिवसांच्या पिल्लांना पिवळट, लोण्यासारखी किंवा पातळ हगवण लागली आणि कोणतंच अँटिबायोटिक लागू पडेना, तर तो बऱ्याचदा कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी असतो. तो जिवाणूच नाही, मग अँटिबायोटिक काय करणार? रोटाव्हायरस दूध पिण्याच्या काळात कधीही येतो. दूध तोडल्यावर पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पुन्हा ई. कोलाय. दोन-चार महिन्यांच्या जनावरांत साल्मोनेला, लॉसोनिया आणि आव-रक्त पाडणारा ब्रॅकिस्पायरा हे जिवाणू.

घरच्या घरी एक खूण बघता येते. फवारणीच्या पाण्याचा पीएच बघायला ज्या कागदी पट्ट्या आणता, त्यातली एक ताज्या हगवणीला लावा. ई. कोलायची हगवण सहसा अल्कधर्मी निघते, रोटाची आम्लधर्मी. निदान नव्हे, पण दिशा कळते.

आता पिवळ्या हगवणीकडे. माणसाचं बाळ पोटात असतानाच वारेतून आईची प्रतिपिंडं (जंतूंना ओळखून अडवणारी प्रथिनं) घेऊन जन्मतं. डुकरिणीची वार तशी नसते. तिच्यातून प्रतिपिंडं पलीकडे जातच नाहीत. म्हणजे डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा जंतूंच्या बाबतीत त्याचा खिसा पूर्ण रिकामा असतो. अंगावर चरबीही नावालाच. जे मिळणार ते चिकातून, म्हणजे विल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून. पहिला दिवसभर, फार तर दीड दिवस, आतड्याची भिंत चिकातली मोठी प्रथिनं अख्खी उचलून रक्तात घेते, नंतर ते दार बंद होतं. दुसरीकडे चीकही झपाट्याने पातळ होत जातो. पहिलं पिल्लू बाहेर येताना त्यात जेवढी आयजीजी प्रतिपिंडं असतात, ती बारा तासांत निम्म्यावर आलेली असतात आणि चोवीस तासांत त्याहून बरीच खाली. एका पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवसात साधारण २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा. पिल्लाचं वजनच सव्वा किलो, तेव्हा ते किती प्यायलं यावर सगळा खेळ आहे.

माझी चूक इथलीच. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत बार्शी रोडवरच्या एका शेडमध्ये डिसेंबरच्या रात्री मादी विली, पिल्लं १५, चालू सड १२. मी शहाणपणा करून जन्मल्यापासून तासाभरात तीन धट्टीकट्टी पिल्लं शेजारच्या मादीखाली लावली. ती मादी दोन दिवसांपूर्वी विली होती, तिला दूध भरपूर होतं. मालक खूश, मी खूश. तिसऱ्या दिवशी त्याच तिघांना पिवळी हगवण लागली, चौथ्या दिवशी दोन गेली. मालक म्हणाला, परक्या आईचं दूध बाधलं. बाधलं काही नव्हतं. त्या मादीचा चीक केव्हाच संपला होता, तिथे उरलं होतं साधं दूध. शिवाय चिकातल्या आईच्या पांढऱ्या पेशी पिल्लाच्या आतड्यातून आत जातात त्या फक्त सख्ख्या आईच्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हापासून नियम एकच: पहिले बारा तास, जमलं तर चोवीस, पिल्लू स्वतःच्या आईखाली. पिल्लं जास्त असतील तर आधी जन्मलेली, पोट टम्म भरलेली तासभर-दीड तास बल्बखाली टोपलीत ठेवायची आणि मागून आलेल्या बारक्यांना सड मोकळे करून द्यायचे. मग अदलाबदल. शेवटी जन्मलेलं आणि सगळ्यात लहान पिल्लू हेच पहिलं मरतं.

त्या रात्रीचं दुसरं चित्र डोळ्यांपुढून जात नाही. शेडची फरशी धुतलेली, ओली, आणि पिल्लं आईच्या कासेपाशी न जाता कोपऱ्यात एकमेकांवर चढून थरथरत होती. सोलापूर म्हटलं की आपल्या डोक्यात उन्हाळाच असतो. पण पिल्लाला जन्मल्यावर ३२ ते ३४ अंश ऊब लागते आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पंधराच्या आसपास, कधी त्याखाली. गारठलेलं पिल्लू सड शोधत नाही. सड नाही म्हणजे चीक नाही, चीक नाही म्हणजे प्रतिपिंडं नाहीत. हगवण तिसऱ्या दिवशी दिसते, तिचं मूळ पहिल्या रात्रीच्या ओल्या फरशीत असतं. कोरडा भुस्सा, गोणपाट आणि एका कोपऱ्यात बल्ब, एवढ्यावर मी कितीतरी वेतं वाचलेली पाहिली आहेत. मे महिन्यात उलट होतं: ४२-४३ अंशांत मादी खात नाही, धापा टाकते, दूध आटतं. तेव्हा मादीच्या मानेवर थेंब-थेंब पाणी आणि पिल्लांच्या कोपऱ्यात कोरडं, अशी दोन हवामानं एकाच खोलीत करावी लागतात.

चीक चांगला की पातळ हे मोजताही येतं. द्राक्षाची गोडी बघायचा रिफ्रॅक्टोमीटर नान्नज-कासेगावकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराकडे मिळेल. तोच मागून आणा. मादी विताना, पहिली काही पिल्लं बाहेर आली की लगेच, दोन-तीन सडांतून थोडा चीक पिळून थेंब काचेवर टाका. त्या वेळी पान्हा सुटलेला असतो, चीक सहज निघतो. आकडा, म्हणजे ब्रिक्स, ३० किंवा वर, तर उत्तम. २५ ते २९ ठीक. २० ते २४ काठावर. २० च्या खाली असेल तर त्या वेताच्या पिल्लांना त्याच रात्री विणाऱ्या दुसऱ्या जुन्या मादीचा चीक वाटीने पाजायची तयारी ठेवा. ब्रिक्स नुसतं प्रतिपिंडांचं प्रमाण सांगतो, ती कोणत्या जंतूविरुद्धची आहेत हे सांगत नाही. आणि तुमच्या पाच विकतच्या माद्यांची गोम नेमकी इथे आहे.

मादीच्या आतड्यात रोज जे जंतू जातात त्यांची ओळख तिथल्या पेशींना होते. त्या पेशी रक्तावाटे फिरून कासेत जाऊन बसतात आणि त्याच जंतूंविरुद्धची आयजीए प्रतिपिंडं दुधात सोडतात. म्हणजे मादीचं दूध ती ज्या शेडमध्ये राहते त्या शेडची माहिती घेऊन येतं. तुमच्या पाच माद्या दुसऱ्या गावच्या जंतूंची माहिती घेऊन तुमच्याकडे व्याल्या. त्यांच्या चिकाचा आकडा ३० आला तरी तुमच्या शेडमधल्या ई. कोलायला त्यातलं काही ओळखत नसेल. मादी विकत घ्यायचीच तर विण्याआधी किमान महिना-दीड महिना ती तुमच्याच शेडमध्ये हवी. पहिले काही आठवडे वेगळ्या खोलीत, मग हळूहळू बाकीच्यांच्या सहवासात. पहिलारू मादीचंही असंच. तिने जग कमी पाहिलेलं असतं, म्हणून पहिल्या वेताला हगवण जास्त आणि तिसऱ्या-चौथ्या वेताला कमी.

काही जण यावर 'फीडबॅक' सांगतात, म्हणजे पिल्लांची हगवण गाभण माद्यांना खाऊ घालायची. तर्क बरोबर आहे, मी मात्र करू देत नाही. त्या हगवणीत साल्मोनेला आहे की स्वाइन फीवरचा विषाणू, हे तुम्हाला दिसत नसतं. २०२० साली आसाम-अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर पहिल्यांदा सापडल्यापासून तर मी हा विषयच बंद केला.

लशीचं काय? लस वाईट नव्हती, तारीख वाईट होती. डुकरिणीचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. कासेत प्रतिपिंडं साठायला शेवटच्या आठवडा-दहा दिवसांत सुरुवात होते. त्या वेळी ती मादीच्या रक्तात भरपूर हवीत, तरच चिकात उतरतील. म्हणून पहिल्यांदाच लस घेणाऱ्या मादीला साधारण सहा आठवडे आणि तीन आठवडे आधी असे दोन डोस लागतात, पुढच्या वेतांना तीन आठवडे आधी एक. बाटलीवरचं वेळापत्रक वेगळं असेल तर तेच पाळा. पाच दिवस आधी एकच डोस म्हणजे पाऊस पडून गेल्यावर पेरणी. लस आणली कशी, हेही बघा. २ ते ८ अंशांत, बर्फाला थेट न टेकवता. गोठलेली लस पुन्हा वितळली तरी बऱ्याच लशींचा गुण गेलेला असतो.

त्याच वेतात काही पिल्लं हगतात आणि काही ठणठणीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्याचं कारण गमतीचं आहे. ई. कोलायला आतड्याला चिकटायला बारीक केसांसारखे आकडे असतात. त्यातला एफ-४ हा प्रकार चिकटायला आतड्यावर ठरावीक जागा लागते. ती जागा काही पिल्लांत जन्मतःच नसते, हा वंशाचा भाग. अशा पिल्लांच्या आतड्यातून जंतू नुसता वाहून जातो. एफ-१८ प्रकाराची जागा तर नवजात पिल्लात जवळजवळ नसतेच, वयाबरोबर येते. म्हणून तो दूध तोडल्यानंतरच त्रास देतो. तुमच्या लशीच्या बाटलीवर कोणते प्रकार लिहिलेत ते वाचा. कुलूप एक आणि किल्ली दुसरी असं होऊ नये.

टाइप सी क्लॉस्ट्रिडियमबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. त्याचं विष ट्रिप्सिन या पाचकाने सहज तुटतं. पण चिकात ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो, नाहीतर प्रतिपिंडंच पचून गेली असती. जे प्रतिपिंडांना वाचवतं तेच विषालाही वाचवतं. म्हणून हा आजार पहिल्या काही दिवसांचाच.

आता दूध तोडल्यानंतरचं. पिल्लू साधारण तासातासाला पितं, दिवसाला वीसहून जास्त वेळा. प्रत्येक वेळी दुधातल्या आयजीएचा एक पातळ थर आतड्याला आतून लागतो. जंतू असतो, पण चिकटायला जागा मिळत नाही. २८व्या दिवशी तुम्ही आई हलवलीत, त्याच तासापासून हा थर थांबला. रक्तातली उसनी आयजीजीही तोवर बरीच उतरलेली असते. आणि पिल्लाची स्वतःची आयजीए पुरेशी व्हायला सहा-सात आठवडे लागतात. मधली ही दरी म्हणजे तुमची दुसरी हगवण. त्यात पिल्लू पहिले एक-दोन दिवस खातच नाही. आतड्याच्या आतली लव दोन दिवसांत आखूड होते. मग एकदम अधाशासारखं खातं आणि न पचलेलं प्रथिन खालच्या आतड्यात ई. कोलायचं जेवण होतं.

इथे आईला दिलेली लस उपयोगाची नाही. पिल्लाच्या मानेत दिलेलं इंजेक्शनही फारसं नाही. मानेतल्या इंजेक्शनने रक्तात आयजीजी वाढते. लढाई मात्र आतड्याच्या पोकळीत आहे आणि तिथे आयजीए लागते. ती हवी तर जंतूची ओळख तोंडावाटे, आतड्यातच व्हावी लागते. म्हणून या वयाच्या ई. कोलायसाठी जगात तोंडावाटे द्यायच्या जिवंत लशी निघाल्या. त्या देताना पाण्यात अँटिबायोटिक चालू असेल तर तुम्हीच लस मारता, हे बरेच जण विसरतात.

तुमच्या आवाक्यातला उपाय साधा आहे: २८ दिवसांची घाई सोडा. १४ माद्यांच्या शेडला ४२ दिवस परवडतात. दहाव्या दिवसापासून पिल्लांसमोर थोडा खुराक, रोज ताजा, उरलेला काढून टाकायचा. तोडताना आई हलवा, पिल्लं त्याच जागी राहू द्या. त्या दिवशी ना खुराक बदला, ना लसीकरण, ना दुसऱ्या वेताची सरमिसळ. पहिला आठवडा थोडं-थोडं, पाच-सहा वेळा. खुराकात प्रथिन १८ टक्क्यांच्या आसपास, सोयापेंडीचा मारा नको. ज्वारी भरडून चालते, बारीक पीठ नको.

लॉसोनिया आणि साल्मोनेला पेशीच्या आत जाऊन बसतात. तिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत, काम टी-पेशींना (जंतू शिरलेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना) करावं लागतं आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तुमच्या मोठ्या जनावरांत तक्रार नाही, म्हणून तिकडे जात नाही. फक्त एक धोक्याची सूचना: कोंबड्यांचं खाद्य डुकरांना घालत असाल तर टियामुलिन हे अँटिबायोटिक कधी देऊ नका. त्या खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन हे कॉक्सिडियावरचं औषध असलं तर दोन्ही मिळून जनावर मरतं.

पावडरीबद्दल. 'इम्युनिटी वाढवणं' हा शब्दच मला पटत नाही. तिसऱ्या दिवसाच्या पिल्लाकडे वाढवायला मुळात काही नसतं. आणि दूध तोडलेल्या पिल्लात दाह आधीच जास्त असतो. तो दाहच आतड्याचे सांधे सैल करतो, भूक मारतो. तिथे गरज ओळखीची असते, जोराची नाही. पावडरीचे पैसे बल्बला आणि भुश्शाला लावा.

इंजेक्शनचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही: मी नाव देत नाही. तीन औषधं फसली याचा अर्थ एकतर जंतू त्यांना दाद देत नाही किंवा आजार जिवाणूचा नाहीच. हगवण नुकतीच लागलेलं, औषध न दिलेलं पिल्लू तालुक्याच्या पशुवैद्यकांकडे न्या. नमुना औंधला, पुण्याच्या रोग अन्वेषण विभागात पाठवायला सांगा आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ती चाचणीही मागा. कुणी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सुचवलं तर घेऊ नका. जनावरांत त्याच्या वापरावर २०१९ पासून बंदी आहे, कारण माणसांच्या दवाखान्यातलं ते शेवटचं हत्यार आहे. तोवर पिल्लं मरतात ती जंतूने कमी, पाणी गेल्याने जास्त. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात, उथळ ताटलीत, दिवसातून चार वेळा ताजं. पिणारं पिल्लू पिऊ द्या, न पिणाऱ्याला सिरिंजने थोडं-थोडं.

थर्मामीटर मात्र आजच आणा. डुकराचं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं. हगवणीसोबत मोठ्या जनावरांना ४०.५ च्या वर ताप, कान-पोट लालसर-जांभळं, मागचे पाय लटपटतात, असं दिसलं तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा. तो स्वाइन फीवर असू शकतो. एकही जनावर विकू नका, हलवू नका, सरकारी दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. हॉटेलचं उरलंसुरलं घालत असाल तर खळखळून उकळल्याशिवाय नाही.

पुढच्या मादीला विण्याला अजून तीन आठवडे आहेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वेळ आहे. आधी लस घेतलेली असेल तर बूस्टर आत्ताच. विणीची खोली रिकामी करून घासा, चुना मारा आणि चार दिवस दारं उघडी टाकून कोरडी होऊ द्या, आपल्या उन्हासारखं फुकटचं औषध नाही. मादी आठवडाभर आधी तिथे न्या, विण्याआधी कास साबणाने धुवा. त्या रात्री शेडमध्ये स्वतः थांबा. जन्माचा क्रम स्केचपेनने पिल्लाच्या पाठीवर लिहा, किराणा दुकानातल्या काट्यावर जन्मल्यावर आणि चोवीस तासांनी वजन करा. ज्याचं वजन वाढलं नाही ते चीक प्यायलेलं नाही, असं समजा. चिकाचा ब्रिक्स, दोन्ही वजनं आणि कोणत्या क्रमांकाला कितव्या दिवशी हगवण लागली, एवढं मला लिहून पाठवा. मग औषधाचं बोलू.